डूला नक्की काय करते, आणि आपल्यासाठी डूला कशी निवडायची

माझ्या पहिल्या बाळंतपणात माणसं कमी नव्हती. सिस्टर यायची, बाळाचे ठोके बघायची, जायची, डॉक्टर काही तासांनी येऊन पिशवीचं तोंड किती उघडलंय ते सांगायचे, नवरा बाहेर खुर्चीवर बसून होता. कोणी वाईट वागलं असं अजिबात नाही, सगळे आपापलं काम नीट करत होते, पण एक कळ गेली आणि दुसरी यायची वाट बघायची त्या मधल्या वेळात माझ्या उशाशी कोणी नव्हतं आणि तेच मला अजून आठवतं. दुसऱ्या वेळी डूला होती. कळा तितक्याच जोरात होत्या, उगाच खोटं कशाला सांगू, पण ती बाई पूर्ण वेळ तिथे होती, आणि त्या एका गोष्टीने सगळं बाळंतपण वेगळं झालं. तेव्हापासून ओळखीतली कुणी गरोदर असली की मला हमखास विचारते की डूला म्हणजे नक्की काय गं, आणि निम्म्या जणींना वाटतं ती सुईण असते, काहींना वाटतं योगा टीचर असते, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

डूला म्हणजे गरोदरपणात, बाळंतपणात आणि नंतरच्या काही आठवड्यांत बाईला आणि तिच्या घरच्यांना आधार देणारी, त्याचं ट्रेनिंग घेतलेली व्यक्ती. आधार म्हणजे शरीराला आराम, मनाला धीर आणि डोक्याला माहिती, तिन्ही. ती उपचार करत नाही. शब्द जुना ग्रीक आहे, सेवा करणारी बाई किंवा दासी असा त्याचा अर्थ, आणि डाना राफेल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात तो नव्या आईला अंगावर पाजायला मदत करणाऱ्या बायकांसाठी वापरला, तिथून तो पसरला. दासी हा अर्थ काही जणींना खटकतो, त्या स्वतःला बर्थ कंपॅनियन म्हणवतात, काम तेच.

ती काय करत नाही हे आधी समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो

डूला आतून तपासत नाही, बीपी घेत नाही, बाळाचे ठोके ऐकून निदान सांगत नाही, औषध देत नाही, बंदही करायला सांगत नाही, आणि बाळ हातात झेलत नाही. ते काम डॉक्टरचं किंवा मिडवाइफचं. मिडवाइफ म्हणजे प्रसूती करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती, तिच्यावर आई आणि बाळ दोघांच्या तब्येतीची जबाबदारी असते. नर्स हॉस्पिटलची असते, तिच्याकडे एका वेळी दोन-तीन पेशंट असतात, शिफ्ट संपली की तिला जावंच लागतं, तिचा त्यात काही दोष नाही. डूला मात्र फक्त तुमची असते, तिची शिफ्ट तुमचं बाळ आल्यावर संपते.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डूला तुमच्या वतीने निर्णय घेत नाही आणि डॉक्टरांशी भांडत नाही. तिचं काम आहे की तुम्हाला स्वतःला बोलता यावं. कळ चालू असताना कोणी येऊन काहीतरी विचारलं तर ती म्हणेल, ही कळ जाऊ दे मग सांगेल ती, आणि कळ गेल्यावर तुमच्याकडे बघून विचारेल, तुला काय विचारायचंय का? एवढंच. पण त्या अवस्थेत ही दोन मिनिटंसुद्धा स्वतःहून मागता येत नाहीत हो.

खरंच फरक पडतो का

पडतो, आणि हे नुसतं माझ्या अनुभवावरून म्हणत नाहीये. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलमध्ये सहकाऱ्यांबरोबर अभ्यास केला, १९८० साली तो छापून आला. एका गटातल्या बायकांजवळ पूर्ण वेळ एक अनोळखी पण प्रेमाने वागणारी बाई बसवली, दुसऱ्या गटाला नेहमीची व्यवस्था. आधार असलेल्या बायकांना दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सरासरी ८.८ तास लागले, दुसऱ्यांना १९.३ तास. गट लहान होते, वीस-वीस बायकांचे, त्यामुळे तेवढ्यावरून सगळं सिद्ध झालं असं नाही, पण मग केनेल यांनी ह्यूस्टनला ४१२ पहिलटकरणींवर मोठा अभ्यास केला, तो १९९१ चा. त्यात तीन गट होते. एकीकडे डूला, दुसरीकडे खोलीत एक बाई नुसती बसून नोंदी करायची, बोलायची नाही, आणि तिसऱ्या गटात काहीच वेगळं नाही. सिझरचं प्रमाण अनुक्रमे ८, १३ आणि १८ टक्के आलं. मला यातला मधला आकडा फार काही सांगून जातो. ती बाई बोलत नव्हती, हात धरत नव्हती, नुसती खोलीत होती, तरी सिझरचा आकडा तिसऱ्या गटापेक्षा खाली होता.

नंतर २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ देशांतले २६ अभ्यास, पंधरा हजारांहून जास्त बायका, एकत्र करून बघितलं. सतत सोबत असलेल्या बायकांमध्ये सिझरचं प्रमाण साधारण चतुर्थांशाने कमी दिसलं, आपोआप नॉर्मल डिलिव्हरी होणाऱ्या थोड्या जास्त, वेदनाशामकं थोडी कमी लागली, वेळ साधारण चाळीस मिनिटांनी कमी, आणि बाळंतपणाबद्दल मनात कडू भावना घेऊन घरी जाणाऱ्या बायका बऱ्याच कमी. म्हणजे चमत्कार नाही, ग्वाटेमालासारखा साडेदहा तासांचा फरक सगळीकडे पडत नाही, पण औषध नाही, सुई नाही, फक्त माणूस आहे आणि तरी एवढं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सरळ म्हटलंय की प्रत्येक बाईला बाळंतपणात तिच्या पसंतीची सोबत मिळावी.

का होत असेल असं? कळा ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनवर चालतात. घाबरलं की अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, अंग आखडतं, आणि आखडलेल्या अंगात कळ जास्त दुखते, जास्त दुखलं की अजून भीती, असं चक्र सुरू होतं. शेजारी ओळखीचा चेहरा, ओळखीचा हात असला की ते चक्र कुठेतरी तुटतं. शिवाय साधी गोष्ट म्हणजे डूला तुम्हाला उठवते, चालवते, कुशीवर वळवते, पाणी पाजते, दर तास-दोन तासांनी लघवीला नेते, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याच्या वाटेत येतं. एकटी बाई मात्र तासन्‌तास पाठीवर पडून राहते.

शोधायला कधी लागायचं आणि भेटल्यावर काय विचारायचं

चौथ्या-पाचव्या महिन्यात शोध सुरू करा, सातव्यापर्यंत ठरलेलं असलं की बरं, कारण चांगली डूला एका महिन्यात मोजकीच बाळंतपणं घेते. उशीर झाला असेल तर सोडून देऊ नका, नवव्या महिन्यात ठरवून सुद्धा उपयोग झालेल्या बायका मी बघितल्यात. पण सगळ्यात आधी, डूला शोधायच्याही आधी, जिथे नाव घातलंय तिथे विचारा की लेबर रूममध्ये डूला चालते का, आणि नवरा आणि डूला दोघं एकावेळी चालतात का की एकच. हे डॉक्टरांशी पण बोला आणि हॉस्पिटलच्या ऑफिसमध्ये पण विचारा, कारण डॉक्टर हो म्हणतात आणि रात्री दोन वाजता गेटवरचा माणूस नाही म्हणतो असं होतं. शक्य असेल तर फाइलवर लिहून घ्या.

डूलाचं काम बहुतेक ठिकाणी सरकारी लायसन्सखाली येत नाही. ट्रेनिंग देणाऱ्या संस्था आहेत, जुन्या संस्थांपैकी डोना इंटरनॅशनल ही १९९२ पासून आहे, त्या कोर्स घेतात, काही बाळंतपणं बघून झाल्यावर सर्टिफिकेट देतात. सर्टिफिकेट असलं तर चांगलंच, पण तेवढ्यावर जाऊ नका, आणि नवी आहे म्हणून बाद पण करू नका, नवी मुलगी कधीकधी जास्त जीव लावून काम करते आणि फी पण कमी घेते. निदान दोघींना भेटा, समोरासमोर नाहीतर व्हिडिओ कॉलवर, आणि नवऱ्याला बरोबर बसवा.

विचारायचं काय, तर किती बाळंतपणांना होतीस हे सगळेच विचारतात, विचाराच, पण मला खरी पारख होते ती दुसऱ्या एका प्रश्नावर. विचारा, तुमच्या एखाद्या बाईने ठरवलं होतं औषध घ्यायचं नाही आणि मधेच एपिड्युरल, म्हणजे दुखणं कमी करायला पाठीत देतात ते औषध, मागितलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? उत्तरात ती त्या बाईला काय हवं होतं याबद्दल बोलतेय की स्वतःच्या मतांबद्दल, ते ऐका. मी तिला थोपवलं असं अभिमानाने सांगणारी असेल तर मी तरी तिला घेणार नाही. मग विचारा सिझर ठरलं तर ती कुठे असते आणि काय करते, ती आजारी पडली किंवा एकाच दिवशी दोन बाळंतपणं आली तर बॅकअप कोण, आणि त्या बॅकअपला आधी भेटता येईल का. ऑन कॉल, म्हणजे बोलावलं की लगेच यायला तयार, कधीपासून कधीपर्यंत, बहुतेक जणी ३८ ते ४२ आठवडे म्हणतात, त्याच्या आधी कळा आल्या तर काय. रात्री फोन चालेल ना. किती भेटी आधी, किती नंतर. पैसे कधी द्यायचे आणि ती पोचायच्या आत बाळ झालं तर किती परत. हे सगळं कागदावर घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि काही गोष्टी ऐकल्या की तिथून उठा. नॉर्मल डिलिव्हरीची गॅरंटी देणारी, डॉक्टरांना काही कळत नाही म्हणणारी, सोनोग्राफी किंवा लसीकरण टाळा म्हणणारी, मी घरीच तपासून सांगते किती उघडलंय म्हणणारी, किंवा बीपी-शुगरची औषधं तिच्या सांगण्यावरून बंद करायला लावणारी. चांगली डूला स्वतःची हद्द ओळखून असते, तिला विचारलेल्या अर्ध्या प्रश्नांना ती म्हणते हे डॉक्टरांना विचार, आणि मग तो प्रश्न कसा विचारायचा ते शिकवते.

आधीच्या भेटींत काय करून घ्यायचं

दोन-तीन भेटी होतात साधारण. पहिल्या भेटीत मनातलं सगळं सांगून टाका, आधीचं बाळंतपण, मिसकॅरेज झालं असेल तर ते, कोणी अंगाला हात लावलेला आवडत नाही असं असेल तर ते सुद्धा. ती तुमच्या अंगाला हात लावणार आहे, तिला माहीत हवं. माझ्या डूलाने मला विचारलं होतं, तू घाबरलीस की गप्प होतेस की ओरडतेस? मी म्हटलं गप्प होते. त्या रात्री मी गप्प झाले तेव्हा तिला बरोबर कळलं की ही शांत नाहीये, ही घाबरली आहे.

दुसऱ्या भेटीत बर्थ प्लॅन लिहा. प्लॅन म्हटलं की असंच होणार असं वाटतं, म्हणून मी त्याला पसंतीचा कागद म्हणते. एक पानच ठेवा, मोठ्या अक्षरात, वाचणाऱ्या सिस्टरला एका मिनिटात कळलं पाहिजे. कळांमध्ये हिंडूफिरू द्यावं, काय करणार ते आधी सांगावं, औषधाबद्दल माझं मत काय, बाळ आल्यावर लगेच छातीवर हवंय, नाळ थोडी थांबून कापावी, सिझर झालं तर सोबत कोण हवं. खाली तुम्हाला असलेले आजार आणि अ‍ॅलर्जी. आणि हा कागद डूलाला दाखवून थांबू नका, नवव्या महिन्याच्या आत डॉक्टरांसमोर ठेवा, काय जमेल काय नाही ते तेव्हाच कळू दे.

निर्णय घ्यायची पद्धत पण याच भेटीत घोकून घ्या. कोणी काही सुचवलं, समजा कळा वाढवायचं ड्रिप, तर विचारायचं की याचा फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय आहे का, थोडं थांबलं तर काय होईल, आणि मग स्वतःच्या मनाला विचारायचं. त्याआधी एकच प्रश्न, ही इमर्जन्सी आहे का? हो म्हणाले तर बाकीचे प्रश्न नंतर.

प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावर

सुरुवातीच्या कळांमध्ये डूला बहुतेक वेळा फोनवरच असते आणि तेच बरोबर आहे. पहिल्या खेपेला ही सुरुवात खूप लांबू शकते, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त. ती तुम्हाला झोपायला सांगेल, खायला सांगेल, आणि कळा मोजायला शिकवेल. मोजताना एक चूक सगळे करतात म्हणून सांगते, दोन कळांमधलं अंतर म्हणजे एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत, पहिली संपल्यापासून नाही. पाच-पाच मिनिटांनी, एकेक मिनिट टिकणाऱ्या आणि तासभर तशाच चालू राहिलेल्या कळा असतील तर निघायचं असा एक ढोबळ हिशोब पहिलटकरणीसाठी वापरतात, पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा, दुसरी खेप असेल तर लवकर निघा. आणि रक्त जायला लागलं, पाणी हिरवट-तपकिरी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, ३७ आठवड्यांच्या आत कळा आल्या, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर मोजत बसायचं नाही, डूलाच्या आधी हॉस्पिटलला फोन. चांगली डूला पण हेच सांगेल, मी येते तिकडे, तू आधी नीघ.

कळांनी जोर धरला की तिचं खरं काम सुरू. अंधुक लाइट, कमी बोलणं, तुमच्या श्वासाबरोबर तिचा श्वास. खांदे सोड म्हणेल, दात आवळू नकोस म्हणेल, आवाज येत असेल तर तो खालच्या पट्टीत काढ म्हणेल कारण उंच किंचाळलं की गळा आणि छाती आवळते. कंबरेत कळा असतील तर ती तळहाताने कंबरेच्या खालच्या हाडावर जोरात दाबून धरते, पूर्ण कळ जाईपर्यंत, किंवा दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी कुल्ले आत दाबते, आणि यातला आराम मी शब्दांत सांगू शकत नाही, माझ्या नवऱ्याने आणि तिने पाळ्या लावून तीन तास ते केलं. मोठ्या बॉलवर बसवणं, हातागुडघ्यांवर ओणवं करणं, गरम पाण्याचा शॉवर, भिंतीला टेकून कंबर हलवणं, हे सगळं ती एकामागून एक करून बघते, जे चालतंय ते चालू ठेवते, जे नकोसं होतंय ते सोडते. उताणं पडून राहिलं की पोटाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येतं, म्हणून अगदी झोपायचंच असेल तर ती कुशीवर वळवेल.

मग एक वेळ येते, पिशवीचं तोंड साधारण आठ सेंटिमीटरच्या पुढे उघडलं की, पाय थरथरतात, उलटी होते, थंडी वाजते, आणि अगदी हिमतीची बाई सुद्धा म्हणते, बस, मला नाही होणार, मला घरी जायचंय. पहिल्या वेळी मी हे म्हटलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं की काहीतरी बिघडलंय. दुसऱ्या वेळी डूलाने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, हे म्हणायला लागलीस म्हणजे बाळ जवळ आलंय. पुढची कळ फक्त. त्याच्या पुढची नाही, ही एक. मी तिच्या डोळ्यांकडे बघून ती एक काढली, मग अजून एक. मला डूलाचे पैसे कशाचे दिले विचाराल तर त्या अर्ध्या तासाचे.

वेळेचं पण थोडं सांगते कारण घड्याळ बघून नातेवाईक घाबरवतात. आता जोरदार टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरतात, त्याच्या आधी हळू हळू उघडणं नॉर्मल आहे, आणि तासाला एक सेंटिमीटर झालंच पाहिजे हा जुना नियम जागतिक आरोग्य संघटनेने सोडून दिलाय. पहिलटकरणीला हा जोरदार टप्पा बारा तासांपर्यंत चालू शकतो, आणि पूर्ण १० सेंटिमीटर झाल्यावर जोर लावायला तीन तासांपर्यंत. हे डूलाला माहीत असतं, म्हणून ती बाहेर बसलेल्यांना शांत ठेवू शकते, हे पण मोठं काम आहे.

एपिड्युरल घेतलं किंवा सिझर झालं तर?

डूला म्हणजे औषध न घेणाऱ्या बायकांसाठीच असा गैरसमज आहे, तो काढून टाका. एपिड्युरल घेतलं की दुखणं कमी होतं पण पाय जड होतात, स्वतःहून कूस बदलता येत नाही, मग दर थोड्या वेळाने वळवायला, गुडघ्यांमध्ये उशी किंवा शेंगदाण्याच्या आकाराचा बॉल ठेवायला, झोप लागू द्यायला ती लागतेच. सिझरला ऑपरेशन थिएटरमध्ये तिला सोडतील की नाही हे हॉस्पिटलवर आहे, सोडलं तर ती डोक्याशी बसून काय चाललंय ते हळू आवाजात सांगते, नाही सोडलं तर ती बाहेर तुमच्या माणसाबरोबर थांबते. बाळाला आधी बाहेर आणलं तर नवऱ्याने बाळाबरोबर जायचं आणि डूलाने तुमच्याकडे यायचं, हे आधीच ठरवून ठेवा. आणि ठरवलेलं सगळं फिसकटलं, घाईने सिझर झालं, तेव्हा डूला असण्याचा उपयोग मला वाटतं सगळ्यात जास्त, कारण नंतर तुम्हाला काय झालं ते क्रमाने सांगणारं कोणीतरी असतं. बऱ्याच डूला वेळा लिहून ठेवतात. काही आठवड्यांनी तो कागद घेऊन बसलं की मनातली पोकळी भरते.

नवऱ्याचं काय मग

नवरे विचारतात, ती आली तर मी काय करू. उलट आहे हो. तिच्यामुळे त्याला नवरा म्हणून राहता येतं, त्याला सगळं आठवायची सक्ती राहत नाही. ती त्याला दाखवते कुठे दाबायचं, त्याला जेवायला पाठवते, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर पाणी देते. माझ्या नवऱ्याने पहिल्या वेळी बाहेर बसून काढलेले तास अजून बोलून दाखवले नाहीत, दुसऱ्या वेळचं मात्र तो सगळ्यांना सांगतो. सासू किंवा आई खोलीत असणार असेल तर त्यांच्याशी डूलाची भेट आधी घालून द्या, कोण काय करणार ते बोलून घ्या, ऐनवेळी रुसवेफुगवे नकोत.

बाळ आल्यानंतर

पहिला तास ती तुम्हाला आणि बाळाला मिळवून द्यायचा प्रयत्न करते, बाळ उघड्या छातीवर, वरून पांघरूण, आणि त्याच तासात पाजायला सुरुवात. चीक अगदी थोडा येतो, थेंब थेंब, तो पुरतो, दूधच नाही असं कोणी म्हटलं तर ती धीर देते आणि बाळाचं तोंड नीट लागलंय का बघते. वार पडणं, टाके, तपासण्या हे डॉक्टरांचं.

बाळंतपणानंतर घरी येणारी वेगळी डूला पण असते. ती बाळाला तासभर घेते आणि तुम्हाला झोपवते, पाजायला मदत करते, घरात थोडा हात लावते, तुमचं रडणं ऐकून घेते. पहिल्या काही दिवसांत रडू येणं खूप जणींना होतं, पण दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, झोप मिळूनही झोप येत नसेल तर ती तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवेल, पाठवलंच पाहिजे, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला तर त्याच क्षणी सांगायचं, कोणालाही, थांबायचं नाही. तसंच तासाभरात पॅड पूर्ण भिजण्याइतकं रक्त जाणं, ताप, जोरदार डोकेदुखी, एका पोटरीत दुखून सूज, छातीत दुखणं, धाप, यातलं काही असेल तर डूलाला नाही, सरळ हॉस्पिटलला.

डूला परवडत नसेल किंवा मिळतच नसेल

मग तिचं काम करणारं माणूस घरातून निवडा. काही डूला कमी पैशांत किंवा फुकट पण येतात, शिकाऊ असतात त्यांना बाळंतपणं हवी असतात, तेही विचारून बघा. कॉक्रेनने बघितलेल्या अभ्यासांत सोबत करणाऱ्या सगळ्या डूलाच नव्हत्या, बाईने स्वतः निवडलेली मैत्रीण किंवा नातेवाईक पण होत्या. फक्त निवडताना जवळचं नातं बघू नका, तुम्हाला दुखताना बघून जी स्वतः रडणार नाही ती बघा. स्वतःच्या बाळंतपणाच्या भयानक गोष्टी सांगणारी नको. तिला आठव्या महिन्यात घरी बोलवा, तुमचा पसंतीचा कागद वाचायला द्या, कंबर कशी दाबायची, कुल्ले कसे दाबायचे ते एकमेकींवर करून बघा, किती जोर हवा ते सांगा, जेवढा तिला वाटेल त्याच्या दुप्पट लागतो. तिला सांगा की फोन सायलेंट ठेवायचा, घरच्यांना बातमी तुम्ही सांगितल्याशिवाय द्यायची नाही, दर कळेनंतर पाण्याचा घोट पुढे करायचा, विचारायचं नाही पिणार का म्हणून, नुसता पुढे करायचा. आणि काही सुचेनासं झालं, काय करू कळत नसेल, तर खुर्ची पलंगाजवळ ओढायची, हात धरायचा आणि तिथून उठायचं नाही.